मिठाईचा खोका

तोयामा, १० जून

ती. मित्सुएताईस,
चिझुरूचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. अंगात त्राणच नाही बघ. आमची नाओ रोज सकाळी पोट दुखतं म्हणते, शाळेची वेळ टळली की थांबतं. गल्लीतली मुलं रांगेनं शाळेत जातात, त्यांची पुढारी सहावीतली रेना. ती सगळ्यांची दप्तरं नाओच्या गळ्यात अडकवते आणि कासव म्हणून हिणवते. हे शेजारच्या आजींनी सांगितलं. पोरीनं चकार शब्द काढला नव्हता.

मी आपली रीतीप्रमाणे मिठाईचा खोका घेऊन, नाओसकट रेनाच्या घरी गेले. आमची जरा मंदच आहे, सांभाळून घ्या, असं तिच्या आईला वाकून वाकून सांगितलं. त्याही गोड बोलल्या. तेव्हापासून नाओ माझ्याशीही बोलत नाही. हे म्हणतात, मुलांचं मुलांत मिटू दे. माझं काय चुकलं?

लोभ असू दे, रागावलीस तरी.
चिझुरू

नीगाता, १५ जून

चि. चिझुरूस,
अनेक आशीर्वाद.

शहाणीच आहेस! छळ पोरीनं सोसायचा, माफी आईनं मागायची, वर तिलाच मंद म्हणायचं? आणि मिठाई खाल्ली कोणी, रेनानंच ना? आई ज्यांच्यापुढे वाकते त्यांचंच खरं, असं नाओला वाटलं असणार. मीही हेच केलं असतं म्हणा; आपल्या आईनं दुसरं शिकवलंय काय?

तिला प्रश्नांनी भंडावू नकोस. तुझं चुकलेलं नाही, एवढं सांग आणि गप्प बस. शाळेत जा. तिथे मान ताठ ठेव, अवघडली तरी. तांदूळ पाठवलाय, वेळेवर जेवत जा.

तुझी काळजी करणारी,
ताई

तोयामा, २ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाओला सांगितलं, तुझं काही चुकलेलं नाही, माझंच चुकलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

काल आम्हा दोघी आयांना मुलींसकट शाळेत बोलावलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, थोडं थोडं दोघी मुलींचंही चुकतं, एकमेकींना सॉरी म्हणा आणि विषय संपवा. रेनाच्या आईनं मिठाईचा खोका पुढे केला आणि त्या वाकल्या. सवयीनं माझीही मान खाली झुकू लागली होती. नाओ माझ्याकडेच बघत होती. मी मान सावरली आणि म्हटलं, माझी मुलगी सॉरी म्हणणार नाही, तिनं काहीही केलेलं नाही. मुख्याध्यापकांनी चहाचा कप बाजूला सारला आणि रांगेबरोबर पालक पाठवायचं ठरवलं.

आजपासून रोज कुणीतरी पालक रांगेबरोबर चालणार आहे. रेनाच्या आईनं मात्र माझ्याशी बोलणं टाकलंय, आणि आज नाओ घरीच आहे. फार दमलेय गं.

पण काल परतताना नाओनं दप्तरांचं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. घर आलं तरी संपेना. मी दार उघडलंच नाही, तिला घेऊन तशीच पुढे चालत राहिले.

तुझ्या लोभावरच उभी आहे, तो राहू दे.
चिझुरू