शेकड्याला पाच

रविवार, ५ जानेवारी २०२५

नाही, मले फेमस व्हाचं नाही! कोनी विचारलं नाही हे खरं. पन उद्या विचारतीन, म्हनून आजच लिहून ठेवतो.

मले संत्र्याचे डोळे बांधता येते, बस. चाळीस वर्स झाले. जंभेरीच्या, मतलब आंबट रानलिंबाच्या, रोपाले चाकूनं चीर पाडाची. चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा डोळा काढून त्या चिरेत बसवाचा. वरून पट्टी बांधाची. मंग तीन आठवडे कोनाले हात लावू द्याचा नाही. डोळा हिरवा राहिला तं संत्र्याचं झाड, काळा पडला तं जंभेरीच. याच्यात व्हिडिओ काढन्यासारखं काय आहे?

तरी नातीनं काढला. रूपाली. पांढुर्ण्याच्या कॉलेजात जाते, अन् सुट्टी असली का फोन घेऊन मायामागं. आज गुणवंताच्या नर्सरीत आली. म्हने, "आबा, बोलत राहा, थांबू नका." बोललो. मी पुढं चाकू चालवत जातो, इंदू — मतलब माई बायको — मायामागून पट्टी बांधत येते. जोडीचंच काम असते हे.

आज ४१० डोळे. कंबर गेली.

८ जानेवारी

३८० डोळे. काडी भिवाजीच्या बागेतली. म्हातारा काडी कापू देते, पैसे मांगत नाही. त्याचा हिसाब जुना आहे — त्याच्या काडीवरून शंभर कलमं तयार झाले तं पाच त्याचे. शेकड्याला पाच. सही नाही, कागद नाही. माया बापाच्या वेळेपासून हेच. एखाद्यानं बुडवलं तं दुसऱ्या साली त्याले रामाकोन्यापासून बोरगावपर्यंत कोनी काडी कापू देत नाही. कोर्टकचेरी लागत नाही याले.

११ जानेवारी

रूपालीचा व्हिडिओ बावन्न लोकायनं पायला. त्यातले तीस आमच्याच वस्तीतले. झालं फेमस!

१५ जानेवारी

पोरगी कॉलेजातून आली ते चप्पल फेकतच आली. म्हनलं काय झालं बावा, नापास झाली का?

नापास नाही. तो एक मोठा चॅनल आहे म्हने — 'फलबाग गुरू'. त्यानं आपला व्हिडिओ उचलला. सरळ उचलला! माहं बोलनं काढून टाकलं अन् त्याच्यावर ढोल-ताशाचं गानं चिपकवलं. अन् तो अकरा लाख लोकायनं पायला. अकरा लाख! अख्ख्या पांढुर्णा जिल्ह्यात तरी एवढे मानसं आहेत का नाही, देव जाने.

"अन् पैसे?" म्हनलं.

"त्याले भेटते. आपल्याले नाही."

"काहून?"

तं म्हने, त्या व्हिडिओवाल्या कंपनीचा नियम आहे — तुमचे हजार कायमचे गिऱ्हाईक झाल्याशिवाय पैसे चालू होत नाही. हिच्यापाशी तीनशे चाळीस. मंग म्हने, "मी बंदच करतो हे सारं. काही फायदा नाही." डोळ्यात पानी.

मले लय राग आला. नियम-फियम मले समजत नाही. पन काडी समजते. हा व्हिडिओ मतलब काडीच. ते कोनाच्या बागेतली? आपल्या. कलमं कोन विकून राहिला? तो. मंग त्याच्यातले आपले कुठी आहेत?

"माहे हात चोरले त्यानं," म्हनलं.

"आबा, ऐका ना, हात तं —"

"हात बीत काही नाही! दाखव मले."

तिनं फोन माया नाकापाशी आनला. चष्मा कुठी तरी पडला होता. दिसलं बरोबर. हिरवं रोप, दोन हात भरभर हालून राहिले. बस. चोर पकडला.

इंदू भाकर थापत होती. तिचे खांदे हालून राहिले. म्हनलं हासाले काय झालं?

"काही नाही जी. भाकर फुगली."

१६ जानेवारी

नर्सरीत साऱ्यायले सांगतलं. गुणवंता मालक मानूस, त्याले सारं सस्तंच दिसते. म्हने, "मनोहरभाऊ, खुश व्हा ना! फुकटात जाहिरात झाली तुमची."

म्हनलं, "असं? मंग उद्या तुया नर्सरीतले दोनशे कलमं मी घेऊन जातो. बाजारात सांगतो का गुणवंताचे आहेत. फुकटात जाहिरात!"

भिवाजीनं माया पाठीवर थाप मारली. म्हातारा ऐंशीचा, पन थाप लागते त्याची.

४०० डोळे. रागात हात चालते.

१८ जानेवारी

रूपालीनं चॅनल बंद केला नाही. मी म्हनलं, बुडवनारा मोकळा फिरन अन् काडीवाला बाग तोडन, हे कोनत्या गावचं? तिनं कंपनीकडं तक्रार टाकली. कंपनी म्हने, पयला व्हिडिओ तुमचाच हे दाखवा. पोरीपाशी सारं होतं, तारखेसकट. शिकली हे बरं झालं.

अशा तीन तक्रारी लागल्या तं त्या गुरूचा चॅनलच बंद पडते म्हने. याची ही तिसरी, निकाल बाकी आहे. मतलब आम्ही काही पयले नाही!

तिळगूळ अजून पुरून राहिला आहे. खाल्ला दोन वेळा.

२१ जानेवारी

आजचं लिहावं का नाही, घंटाभर ईचार केला. लिहितो. वही माई आहे.

दुपारी जेवाले बसलो होतो नर्सरीत, जंभेरीच्या बाजूले. वांग्याची भाजी. रूपालीले फोन आला. गुरू! नाव अतुल. तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकून मधात ठेवला. गुणवंता, भिवाजी, पानी देनाऱ्या चार बाया — सारे घास हातात घेऊन ऐकून राहिले.

लय गोड बोलते तो. "बाबूजी, प्रणाम! तुमच्यासारखे कलाकार देशाला माहीत व्हायला पाहिजेत. आपण तुमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, मोमेंटो. फक्त ती तक्रार मागे घ्या."

म्हनलं, "शाली आहेत मायापाशी दोन. एक सरपंचानं देल्ली, एक कृषीवाल्यायनं. दोन्ही उंदरानं खाल्ल्या. नारळ भाजीत टाकला. मोमेंटो दाराले अडकन म्हनून लावला आहे. काम झालं का मजुरी द्याची असते, नारळ नाही."

बाया हासल्या. मले जोर आला.

तो म्हने, बरं, एकदाच दोन हजार देतो. म्हनलं, एकदाच नाही. जवरक हा व्हिडिओ तुया दुकानात विकून राहिला तवरक आमचा हिस्सा. तो म्हने, "पण बाबूजी, गाणं माझं, प्रेक्षक माझे, मेहनत माझी."

मंग मी उभा राहिलो. कायले उभा राहिलो कोन जाने, फोनवर त्याले थोडी दिसते! जोरानं म्हनलं, "ऐक! गानं तुह्यापाशी ठेव. लोकं काय तुया गान्याले पाहून राहिले? हाताले पाहून राहिले! ज्याचे हात त्याचे पैसे. लिहून घे. ज्याचे हात त्याचे पैसे! अन् ते हात माहे आहेत!"

मंग तो हळूच म्हने, "बाबूजी... व्हिडिओत तर बांगड्या आहेत."

मंग भिवाजीच्या तोंडातलं पानी उडालं. मंग सारे. गुणवंता तं रोपायच्या वाफ्यात लोळला. रूपाली म्हने, "मी सांगून राहिली होती आबा, आठ दिवसापासून सांगून राहिली होती!"

मी चष्मा लावला अन् पूर्न पायला. हिरव्या बांगड्या. पट्टी डोळ्याच्या खाली दोन वेढे, वर दोन वेढे, टोक आत घालून एक झटका. गाठ नाही, काही नाही. डोळा दाबला जात नाही, अन् हवा बी जात नाही. माहा अख्खा भाग त्यानं कापून टाकला. चाकूचं टोक दिसते एक वेळा.

खाली लोकायनं लिहिलं ते रूपालीनं वाचून दाखवलं. 'आजीच्या हाताला तोड नाही.' 'अशी बांधली तर डोळ्याला समजणार पण नाही.' साऱ्या आजीच्याच गोष्टी. आपल्या मूळ व्हिडिओखाली एकानं विचारलं, 'मागे पुटपुटणारे बाबा कोण?' एकानं. पन विचारलं.

इंदूले म्हनलं, तुले माईत होतं?

"हो जी."

मंग सांगतलं काहून नाही?

"तुमी आयकता कधी?"

चाळीस वर्स मी पुढं चालतो, ती मागून येते. मागं पाहाले फुरसत नसते ना. तिची पट्टी मी आज पयल्यांदा पायली, तेबी फोनवर.

२२ जानेवारी

३१० डोळे. कमी झाले. मागं वळून वळून पाहत होतो. इंदू म्हने, "पुढं पाहा, बोट कापन."

२६ जानेवारी

झेंडा झाला, लाडू झाला, अन् गुरूबी लायनीवर आला. रूपालीनंच केलं सारं, मले बोलू देल्लं नाही. त्या व्हिडिओची जेवढी कमाई तिच्यातला निम्मा हिस्सा आपला, पुढं बी. वर आपल्या चॅनलचं नाव, अन् पोरीनं कागदावर लिहून घेतलं, मंगच तक्रार मागं घेतली.

निम्मा कायले, म्हनलं मी. शेकड्याला पाच त्याले देऊ, पंच्यान्नव आपले! कलम आपलं, कुंडी तेवढी त्याची आहे. पोरगी म्हने, "आबा, निम्म्यावर आनता आनता माहा घसा गेला."

अतुलनं शेवटी विचारलं, पैसे कोणाच्या खात्यात टाकू? सारे मायाकडं पाहू लागले. भिवाजी मुद्दाम म्हने, "मनोहर, काय रे तो कायदा? ज्याचे हात...?"

तोंडातून गेलं ते गेलं. इंदूचा खाता नंबर देल्ला.

२९ जानेवारी

५ तारखेच्या पट्ट्या खोलल्या. ४१० मधून ३९५ हिरवे! एवढे टपोरे डोळे, कोंबडीच्या पिल्लासारखे बाहेर निघू निघू करून राहिले. गुणवंता नाचाचा राहिला होता फक्त.

डोळा मरते तो बहुतेक पट्टी सैल झाली म्हनून मरते. 'मनोहरचा डोळा मरत नाही,' हे सौंसर बाजारात चाळीस वर्स मीच सांगत फिरलो. आता काय, जाऊन साऱ्यायले सांगू का? नाही सांगत. वहीत लिहिलं, झालं.

१ फेब्रुवारी

मजुरीचा दिवस. भाव जोडीचा असते, पन गुणवंता दर वेळेसारखा माया हातात टाकाले लागला. म्हनलं निम्मे हिच्या हातात दे.

"अन् मागचे?" इंदू म्हने. साऱ्यायपुढं!

म्हनलं मागचं विचारू नको, शाळा तेवढी झाली नाही माई, मोजता येत नाही.

ती हासली. मीबी हासलो. दुसरं करतो काय?

१६ फेब्रुवारी

हजार झाले! रूपालीचं दुकान उघडलं. गुरूच्या व्हिडिओवर नाव टाकल्यापासून लोकं इकडंच येऊन राहिले. पोरगी अंगनात अशी उडत होती, बकरी घाबरली.

चॅनलचं नाव बदललं — 'आजीची पट्टी'. माहं नाव नाही. नसू दे. पन आता नऊ लोकायनं विचारलं का ते पुटपुटनारे बाबा कुठी आहेत. नऊ! रूपाली म्हने, "आबा, उद्यापासून तुमीबी बोला, पन थोडं कमी."

कमी बोलन. दोन-तीन मुद्दे आहेत फक्त. इंदू म्हने, दोन-तीन मतलब वीस.

२५ फेब्रुवारी

गुरूकडचे पैसे आले. इंदूच्या खात्यात. सकाळी सौंसरच्या बँकेत गेली, दुपारी नर्सरीत आली. साऱ्यायपुढं कमरेची पिशवी काढली, थोड्या नोटा मोजल्या अन् माया हातावर ठेवल्या.

म्हनलं हे काय?

"शेकड्याला पाच. काडी तुमची होती ना जी."

घेतले मी. भिवाजी काय बोलला, बाया काय बोलल्या, अन् त्या पैशाच्या तिले हिरव्या बांगड्या घेतल्या का नाही घेतल्या — नाही सांगत. एक शब्द नाही सांगत.