बटणं कोण कालवतं?

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या मावसबहिणीचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. गुडघा ऐकत नाही, त्यामुळे उभ्याने केलेलाच गोड मानून घे.)

शनिवारी दुपारी आपण शाळेच्या प्रार्थनाघरातले बाक पुसायचो, ते तुला आठवतं का गं? एक फडकं मेणाचं, एक चकाकीचं. मेणाचा तो वास, रंगीत काचांमधून बाकावर सांडलेलं लाल-निळं ऊन, आणि बाहेरच्या व्हरांड्यात सिस्टरांच्या किल्ल्यांचा जुडगा वाजत जवळ येतोय. काम संपलं असं दिसलं की त्या आपल्याला गणिताच्या वर्गात पाठवायच्या. म्हणून जुडगा वाजला की तू चकचकीत बाकाच्या मधोमध आपला पंजा दाबायचीस आणि साळसूदपणे म्हणायचीस, "सिस्टर, इथे डाग राहिलाय." आपण पुन्हा पुसायला लागायचो. गेले काही दिवस तो पंजा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. का, ते ओघाने येईलच. (आधी शेवटचं पान उघडू नकोस. तुझी जुनी खोड आहे.)

तुझा कान कसा आहे? फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणतेस तेव्हाच मी ओळखते, की तुला काही ऐकू आलेलं नाही. म्हणून हे पत्र. शिवाय यातला मजकूर फोनवर ओरडून सांगण्यासारखा नाही. भिंतींना कान असतात असं नाही, पण माझ्या भिंतीपलीकडे दंतवैद्याच्या सासूबाई राहतात.

तर काय झालं, हल्ली वरच्या वर्गातल्या मुलांना समाजसेवेचे तास भरावे लागतात. आपल्या वेळी सिस्टरांनी नुसतं बोट दाखवलं की समाजसेवा सुरू व्हायची. आता तिला घड्याळ लावतात. जवळच्या शाळेने ठरवलं, की मुलांनी आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना मदत करावी. झालं! आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांची वाटणी सुरू झाली. तळमजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांना दोन मुलं मिळाली (एक वर्तमानपत्र वाचून दाखवायला, आणि दुसरा, न्यायाधीश खेकसले की पहिल्याची समजूत काढायला). दंतवैद्याच्या सासूबाईंचं मनगट मोडलेलं, त्यामुळे त्यांचा भाव एकदम वधारला. मी पडले धडधाकट. खेळात गट पाडताना मी शेवटपर्यंत उरायचे ना, तशीच इथेही उरले. शेवटी एका शनिवारी दारावरची घंटा वाजली. दारात गडद निळ्या पिनाफोरमधली, जाड वेणीची, नववीतली एक मुलगी. म्हणाली, "आजी, मी तुम्हाला मदत करायला आलेय."

ताई, माझं आयुष्य गेलं, पण विनाकारण मदत करायला आलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. पंखा दुरुस्त करायला येणारा वायरमनसुद्धा आधी पंखा बिघडायची वाट बघतो.

आत आल्याआल्या तिने प्रश्न सुरू केले. आजी, रात्री उठता तेव्हा दिवा लावता का? गॅस बंद करायला कधी विसरता का? चक्कर येते का? मुलगा किती दिवसांनी फोन करतो? मी तिचं नाव तिथल्या तिथे 'चौकशी' ठेवलं, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण हेच प्रश्न, याच क्रमाने, दर रविवारी फोनवर चिरंजीव विचारतात! तुला ठाऊकच आहे, हे गेल्यापासून चिरंजीवांनी धोशा लावलाय, की आई, आता एकटी राहू नकोस, आमच्या गावी ये. त्यांच्याकडे माझ्यासाठी खोली तयार आहे. त्या खोलीत सूनबाईंचं व्यायामाचं यंत्र आहे, ज्यावर माणूस तासभर चालतो आणि कुठेच पोचत नाही. मुलगा वाईट नाही गं. सूनही नाही. पण या घरातल्या प्रत्येक खिळ्याला माझा हात लागलाय, आणि खिडकीजवळच्या खुर्चीला अजून यांच्या पाठीचा खळगा आहे. मला इथेच राहायचंय. तेव्हा मी सरळ हिशेब मांडला : ही पोरगी हेर आहे. म्हातारीला झेपत नाही असं एकदा तिने कळवलं, की माझी गाठोडी बांधली जाणार.

(तूच चिरंजीवांना काही कळवलंस असा तुझ्यावरही संशय घेतला होता, लपवत नाही. मी दुधाचं पातेलं जाळलं हे फक्त तुला माहीत होतं. पण मग आठवलं, ते मी तुला फोनवर सांगितलं होतं. म्हणजे तुला ते कळलेलंच नसणार.)

मग मी काय करावं? शनिवारी पहाटेपासून घर घासायला घेतलं. जळमटं काढली, चमचे ओळीने लावले, पुस्तकं उंचीप्रमाणे उभी केली, लोकरीचे गुंडे वळले. चौकशी आली की घर लख्ख, आणि मी खुर्चीत विणकाम घेऊन बसलेली, जणू सकाळपासून इकडची काडी तिकडे केली नाही. कंबरेतून कळा येत होत्या, पण चेहरा तसबिरीतल्यासारखा. पोरगी घरभर फिरायची, पुसायला एक डाग सापडायचा नाही, आणि हिरमुसून बसायची. शेवटी तिला काहीतरी द्यायचं म्हणून बटणांचा डबा काढून दिला. तोच तो, पत्र्याचा, झाकणावर जहाज असलेला बिस्किटांचा. इतक्या वर्षांची बटणं त्यात. म्हटलं, रंगाप्रमाणे लाव.

आता बटणं लावताना कोणी गप्प बसतं का? हे यांच्या ओव्हरकोटाचं, जो घालून ते मला पहिल्यांदा भेटायला आले आणि उकाड्याने घामाघूम झाले. हे चिरंजीवांच्या झबल्याचं, गिळलं होतं आणि यथावकाश परत मिळालं. हे तुझ्या पिनाफोरचं, जे तू कुंपणावरून उडी मारताना तुटलं. चौकशी हनुवटी गुडघ्यावर ठेवून ऐकायची. आम्ही सगळी बटणं कागदाच्या पुड्यांमध्ये लावली, पुड्या डब्यात बसवल्या, मी चहा-बिस्किटं आणायला आत गेले, ती खाऊन गेली. मी म्हटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

पुढच्या शनिवारी डबा उघडला, तर सगळी बटणं एकमेकांत कालवलेली! पुड्या रिकाम्या, खाली चुरगळलेल्या.

ताई, म्हणजे आपण लावलीच नव्हती? की मीच मधल्या दिवसांत काढून बसले आणि विसरले? चौकशीकडे पाहिलं, तर ती मांडी घालून बसलीसुद्धा. म्हणाली, "असू दे आजी, परत लावू." तिच्या आवाजात इतकी माया होती की माझी खात्रीच पटली : हिला कळलंय, आणि ही कळवणार. त्यानंतर दर शनिवारी तेच. कधी चमचे उलटसुलट, कधी लोकरीच्या गुंड्यांचा गुंता, कधी जाडजूड शब्दकोशाच्या शेजारी पाकशास्त्राचं चिमुकलं पुस्तक. मी डॉक्टरांकडे गेले नाही, कारण डॉक्टर चिरंजीवांचे वर्गमित्र. आरशासमोर उभी राहून शाळेतली प्रार्थना म्हणून पाहिली. सबंध आली. मग पाढे म्हणून पाहिले. ते आले नाहीत, पण ते तेव्हाही येत नव्हते. हे सगळं मी तुलाही कळवलं नाही. लिहिलं की खरं होईल असं वाटायचं.

पण संशय हा असा प्राणी आहे, की दुसऱ्याला चावायला मिळालं नाही तर आपल्यालाच चावतो. तेव्हा त्याला दुसरीकडे सोडावं म्हणून मी सापळा लावायचं ठरवलं. बटणं लावून झाली की झाकणावर गुपचूप टाल्कम पावडर भुरभुरायची. पुढच्या शनिवारी माझ्या वस्तूंवर, माझ्या कपड्यांवर पांढरं दिसलं तर चोर मीच.

आणि नेमके सापळा लावायच्या शनिवारीच चिरंजीव टपकले. न कळवता. पाठोपाठ चौकशी. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली, आणि मी मनात म्हटलं, आला, मालक हेराला भेटायला आला. डबा उघडला. बटणं कालवलेली होतीच. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, लावली होती ना आपण?" चिरंजीव नुसते माझ्याजवळ जमिनीवर बसले आणि निळी बटणं वेचायला लागले. लहानपणी तापातून उठल्यावर मी त्यांच्याकडे जशी बघायचे, तसे माझ्याकडे बघत होते. ते बघणं मला रागावण्यापेक्षा लागलं.

लावून झालं. मी डबा फळीवर ठेवला, झाकणावर पावडर भुरभुरली आणि चहा टाकायला आत गेले. चिरंजीव फोनवर बोलायला गॅलरीत. ट्रे घेऊन बाहेर आले, तर ते आत येऊन सांगत होते, "आई, मी परतीची दोन तिकिटं काढतोय. बाकी सामान नंतर बघू." मी ट्रे धरून तशीच उभी. चौकशी फळीपाशी, हात मागे घेऊन, आमच्याकडे तोंड करून. तिच्या मागे कपाटाचा आरसा. आणि आरशात, ताई, तिच्या गडद निळ्या पिनाफोरवर मागच्या बाजूला एक पांढराशुभ्र, पाच बोटांचा पंजा!

मी तोंड उघडलं. पण त्याआधीच ती म्हणाली, "काका, तिकीट नका काढू. बटणं आजी नाही कालवत. मी कालवते."

"तू?" चिरंजीव म्हणाले. "का?"

"यांच्याकडे कामच नसतं. घर आरशासारखं. काम नसेल तर शाळा मला दुसरीकडे पाठवणार." मग वेणीचं टोक चावत, "आणि तास कधीच भरलेत. पण सगळ्या बटणांच्या गोष्टी अजून कुठे झाल्यात? मला वाटलं नव्हतं, आजी घाबरतील."

"मग चमचे?" मी विचारलं.

"मीच."

"लोकर? पुस्तकं?"

"मीच. ते शब्दकोशाचं लई जड होतं."

"आणि ते प्रश्न?"

"ते तर शाळेने पाठ करून घेतलेत. सगळ्यांना तेच. खालच्या न्यायाधीशांनी तर मुलांचीच उलटतपासणी घेतली."

चिरंजीव हसायला लागले ते थांबेनात. डोळे पुसले, ते हसण्याने की कशाने, मी विचारलं नाही. तिकीट एकच काढलं. जाताना चौकशीला म्हणाले, "इथे कामाचा तुटवडा पडला तर मला कळव, मी येऊन पसारा करीन." आणि ती गेल्यावर मी तिथेच बसले आणि मला तू आठवलीस. तुझा पंजा, आणि मेणाचा वास. सिस्टरांना सगळं कळत असणार गं. नाहीतर इतक्या वेळा तोच डाग पुसू देतं का कोणी?

आता शनिवारी पहाटे मी घर घासत नाही. शुक्रवारी संध्याकाळी बसून थोडी बटणं मीच कालवते, म्हणजे तिच्यावर सगळा भार नको.

कानात तेल घालू नकोस. डोक्याला रुमाल बांध.

तुझी,
धाकटी

ता. क. : माझा चष्मा एकदा फ्रिजमध्ये सापडला होता. चौकशी शपथेवर सांगते की तो तिने ठेवला नाही. हे चिरंजीवांना कळता कामा नये.

ता. क. २ : हे पत्र घेऊन जो उंच, किडकिडीत मुलगा तुझ्या दारात उभा आहे, तो चौकशीच्या वर्गातला, तुमच्याच गल्लीत राहतो. त्याला म्हातारं माणूस मिळालेलं नाही आणि तास भरायचेत. मी तुझा शब्द देऊन बसलेय. संशय घेऊ नकोस, म्हणजे घे, पण आत घेऊन मग घे. त्याआधी दोन मिनिटं बाहेर थांबव आणि तुझं ते कपाट विस्कटून ठेव. तुझ्या कानात ओरडायला त्याचा आवाज चांगला आहे, मी ऐकून घेतलाय.

ता. क. ३ : तू माझ्याहून मोठी, पण मला पुरून उरशील हे नक्की, म्हणून तुलाच सांगते. माझ्यामागे ओव्हरकोटाची बटणं चिरंजीवांना. झबल्याचं बटण सूनबाईंना, पण ते गिळलेलं होतं हे सांगू नकोस. तुझ्या पिनाफोरचं या पाकिटात घातलंय, ते आजच घे. उरलेली बटणं, डब्यासकट, चौकशीला. देताना सगळी नीट कालवून दे. लावलेली दिलीस, तर ती दारातूनच परत जाईल.