दुर्बिणीच्या तळाचं भोक

५ फेब्रुवारी
आजपासून रोज डायरी. मोठ्या माणसांच्या डायऱ्या पुढे कामाला येतात. रेडिओ दुर्बिणीच्या साइटवर रुजू झालो. डोंगरांमध्ये निसर्गानेच केलेला अर्धा किलोमीटर रुंद खड्डा. आतून पत्रे लावले की झाली आभाळाकडे तोंड केलेली डिश. तळ सपाट करायचं काम माझ्याकडे. ते जमलं की साइट-प्रमुख मीच. बायकोला बंगला कबूल करून टाकला.

९ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ
तळाशी भोक सापडलं. माणूस उतरेल एवढं. निसर्गाचा गलथानपणा. नकाशात तिथे गोल आहे. छपाईतला डाग असावा.

१० फेब्रुवारी
सासरे जेवायला. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस. भोकाचं ऐकून घास हातातच राहिला. म्हणाले, जावईबापू, पाणी तिथूनच जातं, हात लावू नका. समजावलं की हे विश्वाचं काम आहे, मोरीचं नाही. बायकोने मला भाजी वाढली नाही. तत्त्वासाठी सोसलं.

१७ फेब्रुवारी
भोक बुजवलं. अठरा गाड्या काँक्रीट. गवंडी कुरकुरत होता. दूरदृष्टी नाही. पुढेमागे कोणी विचारलं तर म्हणून जागेवर खडूने फुली मारून ठेवली. माझं काम असं चोख असतं.

२ जून
डायरी मध्येच राहून गेली. कामाचा ताण. सोमवारपासून रोज.

११ जून
पाऊस. तळात थोडं पाणी. वाळेल.

१४ जून
वाळलं नाही. ऊनच पडत नाही, त्याला मी काय करणार?

१९ जून
खालचे पत्रे बुडाले. डिश कुठेही गळत नाही हे सिद्ध झालं, असं डायरेक्टरसाहेबांना फोनवर कळवलं. त्यांनी फोन ठेवून दिला. भारावले असावेत.

२२ जून
डिझाइनवाल्या बाई नावेतून साइट पाहून गेल्या. नकाशातल्या गोलावर बोट ठेवलं. डाग नव्हता. आठ दिवसांत पाणी काढा, नाहीतर घरी बसा म्हणाल्या. बंगल्याचा विषय घरात काढत नाही. भीती वाटते आहे.

२३ जून, सकाळी अकरा
शेवटी सासऱ्यांना फोन केला. तासाभरात आले. सोबत ओळखीचा पाणबुड्या, काँक्रीट फोडायचं मशीन आणि माझ्यासाठी डबा. एकही टोमणा मारला नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली. पाणबुड्या तयार होऊन काठावर उभा राहिला. सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, भोक नेमकं कुठे होतं?
मी म्हणालो, काळजी नको, खूण केली आहे.
कशाने, असं त्यांनी विचारलं.
सांगितलं.
सासऱ्यांनी पाणबुड्याला आधी जेवून घ्यायला सांगितलं. माझा डबा त्याला दिला.