आठवड्याला पावणेचारशे किलोमीटर

१४ ऑक्टोबर, दुपारी
एक्स-रे विभागाच्या मागच्या खोलीतून

अरे,

आधी ‘प्रिय’ लिहिलं, मग खोडलं. नुसतं नाव लिहिलं तर शाळेची नोटीस वाटायला लागली. म्हणून ‘अरे’. बारा वर्षं हीच हाक मारली तुला, अजून जिभेवरून गेलेली नाही.

तू बरा असशील. लेथवर वाकून शिकवताना कमरेचा पट्टा लावतोस ना, की खुंटीवर टांगून ठेवलायस? आम्ही दोघी ठीक. गोटी उंचीने माझ्या कानाला लागली, माझे बूट तिला बसतात आणि ती ते न विचारता घालते. इथे नवं मशीन आलंय. काम निम्म्या वेळात होतं, म्हणून आता दुप्पट पेशंट पाठवतात.

फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला वाजतं, म्हणून लिहितेय. विषय साधा आहे. मला गाडी घ्यायचीय, आणि गाड्यांतलं कळणारा माझ्या ओळखीत तू एकटाच.

छोटी सेडान आहे. दिसायला जरा तोऱ्यातली, डिकीवर शेपटीसारखा स्पॉइलर. टर्बो इंजिन आहे, तरी म्हणतात लिटरला वीस देते. आता तूच सांग, पळणारी गाडी पेट्रोल कमी कसं पिईल? साधं इंजिन घेतलं तर थोडं स्वस्त पडतं, पण ट्रकच्या मागे अडकलं की ओव्हरटेक करताना जीव मुठीत. टर्बो पुढे कटकट देतो का? चार-पाच वर्षांनी?

रिसेप्शनवरची मैत्रीण म्हणाली, “या वयात स्पॉइलर? कोण आहे गं तो?” मी म्हटलं, “टर्बो.” ती दिवसभर हसत होती.

तू विचारशील, हॉस्पिटल सहा किलोमीटरवर, मग हिला धावणारी गाडी कशाला? आणि कुठले ट्रक आडवे येतात हिला?

बेल वाजली. पेशंट आहे.

१५ ऑक्टोबर, सकाळी

काल घरी जाऊन पुढचं लिहायचं होतं. त्याऐवजी कपाट उपसलं, पडदे काढून धुतले आणि ओलेच परत लावले. गोटी बघत होती. “आई, पाच मिनिटं बस ना गं,” म्हणाली. बसले, आणि लगेच उठले. कपाटाचं दार उघडं राहिलं होतं.

शनिवारचं सांगते.

आम्ही गाडी चालवून बघायला गेलो होतो. शोरूममधल्या बाई माझ्या शेजारी, गोटी मागे. क्लच लोण्यासारखा. आपल्या जुन्या गाडीचा दाबून माझी पोटरी कशी दुखायची, आठवतं? मोकळा रस्ता लागल्यावर बाई म्हणाल्या, “स्पोर्ट मोड लावून बघा.” लावला. गाडी अशी उसळली की गोटी ओरडली, “आई गं!” मला हसू आलं. खरंच हसले, पुष्कळ दिवसांनी.

मग बाईंनी विचारलं, “तुमचं रनिंग किती असेल साधारण?”

मी बोलून गेले, “आठवड्याला पावणेचारशे.”

कितीतरी दिवस तो आकडा मी मनात घोळवत होते. जाऊन येऊन पावणेचारशे. शुक्रवारी ड्यूटी संपल्यावर निघायचं, रविवारी परत. चढाचा दुपदरी रस्ता, पुढे ट्रकांची रांग.

मागून गोटी म्हणाली, “पावणेचारशे कुठले? आपण जातोच कुठे?”

मी ब्रेक दाबला. सिग्नल लागला होता.

“आई, बाबांचं घर किती लांब आहे?”

“एकशे अठ्ठ्याऐंशी.”

तिने मनात दुप्पट केलं असणार. गणितात ती तुझ्यावर गेलीय. “पण ते तर नको म्हणाले होते ना?”

आता तुला कळत नसेल, ही काय बोलतेय. तेच सांगायला हे पत्र आहे. गाडीचं मी उगाच चार परिच्छेद लांबवलं.

जूनमध्ये सुट्टी संपवून ती तुझ्याकडून आली, त्याच आठवड्यात मला म्हणाली, “मला बाबांकडे राहायचंय. शाळापण तिकडेच.” मी विचारलं, का? म्हणाली, “तिथे कुणी सारखं घड्याळ बघत नाही.” रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. ती साधं सांगत होती.

मी म्हटलं, बाबांना विचारते. आणि दोन दिवसांनी तिला सांगितलं, “विचारलं. ते म्हणाले, सध्या जमणार नाही.”

“बरं,” म्हणाली, आणि दात घासायला गेली.

तुला मी फोनसुद्धा केला नव्हता.

तेव्हापासून ती तुझ्याशी ‘हं’ आणि ‘बरं’ एवढंच बोलते आणि फोन माझ्या हातात देते. ऑगस्टमध्ये तू विचारलंस, “माझं काही चुकलं का?” मी म्हटलं, वय आहे तिचं. तू विश्वास ठेवलास. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याशी मी किती वेळ उभी होते, कोण जाणे.

तर सिग्नलला हे सगळं तिला सांगितलं. त्या परक्या बाईसमोर. बाई बिचाऱ्या खिडकीबाहेर बघत होत्या, जणू बाहेर काही विकायला ठेवलंय.

गोटी रडली नाही. म्हणाली, “म्हणजे बाबांना माहीतच नाही?”

“नाही.”

“चार महिने?”

“हो.”

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. “हिरवा झालाय,” ती म्हणाली. बाईंनी हळूच विचारलं, “मॅडम, स्पोर्ट मोड बंद करू का?”

शोरूममध्ये परत आल्यावर त्यांनी विचारलं, बुकिंग आत्ता करणार की घरी विचारून? गोटीने उत्तर दिलं, “बाबांना विचारून.”  दाराशी पोचल्यावर म्हणाली, “उद्याचा राहू दे, पुढच्या रविवारच्या फोनच्या आधी तू सांग. नाहीतर मी सांगेन.”

म्हणून कुरियरने पाठवतेय, शनिवारपर्यंत मिळेल. शिव्या द्यायच्या तर दे, पण तिच्या फोनवर नको. मला वेगळा फोन कर, तिसऱ्या मिनिटाच्या पुढेही मी ऐकेन. घर रिकामं होईल याची भीती वाटली, एवढंच कारण. ते पुरेसं नाही, कळतं मला.

टर्बोचं नाही कळवलंस तरी चालेल. आज कामावर येताना जाऊन गाडी बुक केली, टर्बोच. तू काहीही म्हणालास तरी त्या रस्त्याने मला आता येत-जात राहावंच लागेल, तिला घेऊन किंवा तिच्यासाठी.

आणि जूनमध्ये विचारायचं राहिलं ते आता विचारते: गोटी तुझ्याकडे राहायला आली तर चालेल का?

जे म्हणशील ते, एक शब्दही न बदलता, मी तिला सांगेन.

गोटीची आई