शिओरीचं शेवटचं पान

१८ जानेवारी, रविवार
महेशला बर्मिंगहॅमला जाऊन तीन आठवडे. आज घर मिळालं म्हणाला, ऑफिसपासून जवळ, मागे कालवा. मार्चअखेर आम्ही दोघींनी जायचं, चार वर्षांसाठी. इरा शेजारीच गृहपाठ करत होती. जायचं एवढंच ऐकून तिने जपानीत विचारलं, "सहल?" मी तोंड उघडायच्या आत फोनमधून महेश, "हो हो, सहल!"
फोन ठेवल्यावर तरी मी सांगायला हवं होतं. याच शहरात ओजिमाहून इथे हिगाशी-कसाईला घर बदललं तेव्हा अर्ध्या तासाचं अंतर, तरी ही पोरगी आठ दिवस धड जेवली नव्हती. आज भात दोनदा मागून घेतला. सांगवेना.

२० जाने.
महेशचं मत: "तिथे गेल्यावर सांगू गं. आवडलं की आपोआप रुळेल." माणूस सगळं आपोआप होईल म्हणतो आणि मग ते मलाच करावं लागतं. तरीही हो म्हणाले.

१ फेब्रुवारी, रविवार
इरा शिओरी बनवायला बसली. शाळेच्या सहलीआधी वर्गात करतात तशीच पुस्तिका: कुठे जायचं, काय न्यायचं, कुणाकडे कुठलं काम, किती वाजता परत. मला म्हणे, "आई, तू माहिती शोध." मी शोधली, अगदी उत्साहाने! चॉकलेटचा कारखाना. लायब्ररीच्या गच्चीवर बाग. गाडीने तासाभरावर किल्ला. व्हेनिसपेक्षा जास्त कालवे, असं जिथे तिथे लिहिलंय. मोजले कुणी, देव जाणे. ट्रॅव्हल कंपनीत लागले असते तर आज मॅनेजर असते.
तिने प्रत्येकाला कामं वाटलीत. बाबा: नकाशा. आई: डबा. इरा: फोटो.

८ फेब्रु.
महेशने फोटो पाठवले, सगळ्यांत पाऊस. इराने त्यातले चांगले निवडून कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून प्रिंट काढून आणले.
एक जागा तिला फार आवडली. जुन्या काळचं अख्खं गाव उभं केलंय, ट्राम, मिठाईचं दुकान, शाळासुद्धा. त्या शाळेत पाहुण्या मुलांना बाकावर बसवून जुन्या कपड्यांतली बाई शिकवते.
"त्या शाळेत किती वेळ बसायचं?"
अर्धा तास, मी म्हटलं.
"मग बाहेर येता येतं?"
येतं. उठून भांडी घासायला गेले. घासलेलीच होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
शाळा सोडल्याचे कागद भरायला गेले. इराच्या वर्गशिक्षिका होरी-सेन्सेई. वरवर नेहमीचं हसू. "निरोपाचा कार्यक्रम कधी ठेवूया? मुलं तिच्यासाठी काही लिहितील." मला सांगावंच लागलं, की इराला अजून माहीत नाही, कृपा करून वर्गात बोलू नका.
त्यांनी माझे कागद कडेला कड लावून जुळवले. मग हळूच, "इरा-सानने पुढच्या वर्षीच्या निक्कोच्या सहलीसाठी गट ठरवलाय. मिओ-सानबरोबर."
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट वाकून माझेच आभार मानले, येण्याची तसदी घेतल्याबद्दल. घरी येईपर्यंत कान गरम. मी माझ्या मुलीला फसवतेय, आणि आता दुसऱ्या बाईलाही त्यात सामील करून घेतलंय.

१५ फेब्रु.
मिओ घरी आली होती. इराची पहिलीपासूनची मैत्रीण, येताना चपला नीट वळवून ठेवणारी. सहलीहून वर्गासाठी चॉकलेट कुठलं आणायचं याची दोघींची यादी. एकतीस मुलं, एकतीस पुड्या. "एप्रिलमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी वाटू," इरा तिला म्हणाली. मी पोहे करत होते. मीठ दोनदा.

२१ फेब्रु., शनिवार
महेशवर भडकले. सांग तूच, तूच सुरू केलंस. तर म्हणतो, "तू जवळ आहेस, तू नीट सांगशील." जवळ आहे म्हणून तर जमत नाही. तिकडून तोही मग रडवेला झाला. मीच फोन ठेवला.
उद्या नक्की.

२२ फेब्रु.
नाही सांगितलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
सामान नेणाऱ्या कंपनीचा माणूस खोल्या मोजून गेला. मुद्दाम इरा पोहायला जाते ती वेळ दिली होती. पण ती लवकर आली. माणूस तिच्या टेबलाला टेप लावून आकडा टिपत होता. तिने त्याला वाकून नमस्कार केला, पोहण्याची पिशवी ठेवली, पाणी प्यायली. मला काही म्हणजे काही विचारलं नाही.
विचारेल, विचारेल, म्हणून मी दिवसभर उत्तर घोळवत बसले.

३ मार्च
शनिवारपासून इराच्या तोंडी चॉकलेटचं नाव नाही.

७ मार्च, शनिवार, दुपार
शिओरी पूर्ण झाली. जेवणानंतर माझ्यापुढे ठेवली. मुखपृष्ठावर कालवा, त्यात फुलं रंगवलेली होडी. प्रत्येक जागेचं एक पान, फोटो, पट्टीने आखलेल्या ओळी. न्यायच्या सामानाच्या यादीत छत्री, कॅमेरा, खालच्या ओळीत शाळेत वर्गात घालायचे बूट. जुन्या गावातल्या शाळेपुढे "अर्धा तास" खोडून ठेवलंय.
शेवटच्या पानावर परतीची तारीख. चौकट आखलेली, आत काहीच नाही.
"ही तू भर," म्हणाली. मराठीत. एरवी मी मराठीत विचारते आणि ती जपानीत उत्तर देते.
मी तिच्याच डब्यातली पेन्सिल उचलली.
"पेन्सिलने नको, आई. पेनने."
आता समोरच बसलीये, रंगीत पेन्सिलींना टोक काढत. बाराच्या बारा झाल्या, पुन्हा पहिलीपासून सुरू केलंय. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून ही वही तिच्यासमोर खुशाल उघडते मी. आत्ताही शिओरीशेजारीच उघडी आहे. पेन चालतंय तोवर ती मान वर करत नाही. तिला वाटतंय, मी तारीख लिहितेय.