वरच्या वाफ्याचं बेणं

४ मार्च

चि. ठोक्यास ताईचे अनेक उ. आ.

तुझे दोन ट्रक काल दुपारी पोचले. ड्रायव्हरने फाटकाशी उभं राहून तीनदा विचारलं, की बाई, ही घोड्यांची लीद नक्की तुमच्याकडेच उतरवायची ना? वाढदिवसाची भेट आहे म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. लोकांचे भाऊ घड्याळं पाठवतात, अत्तरं पाठवतात. माझा नालबंद भाऊ पागेतली लीद पाठवतो, आणि मी मेली खूश!

खत झकास आहे रे. काळंभोर, भुसभुशीत, वासाचं नाव नाही. आज सकाळपासून आम्ही दोघं घमेली वाहतोय. ह्यांची कंबर धरली, तरी सुतारकाम करणाऱ्या माणसाला कंबर असू नये असं म्हणत वाहताहेत. आर्टिचोक, रासबेरी, बारमाही घेवडा, चिकोरी, ती कंदवाली सूर्यफुलं, सगळ्यांच्या बुंध्याशी चांगला वीतभर थर दिला. एकदा लावायचं आणि वर्षानुवर्षं खायचं, अशीच झाडं मी ठेवली आहेत, हे तुला पाठ झालंय. नांगर नाही, कुदळ नाही, जमीन उघडी म्हणून टाकायची नाही, वरून फक्त पांघरूण घालत राहायचं. यंदा पांघरूण तुझं.

माझा नियमही तुला ठाऊक आहे. बाहेरून आलेलं मूठभर खतसुद्धा थेट बागेत जात नाही. आधी कुंडीत भरायचं, त्यात वाटाणे पेरायचे, तीन आठवडे वाट बघायची. वाटाणा सरळ आला तर आत, नाहीतर आल्या पावली परत. ह्यांनी त्याची आठवण करून दिली तर मी त्यांच्यावर खेकसले. माझा सख्खा भाऊ स्वतःच्या हाताने फावडं मारून पाठवतोय आणि मी त्याची परीक्षा घेऊ? उद्या तू ताट वाढलंस तर आधी मांजराला घास घालून बघीन का? तेव्हा परीक्षा रद्द.

फक्त वरच्या वाफ्याला अजून घातलेलं नाही. तिथे प्रत्येक जातीचं बेणं राखलंय, म्हणजे खाली काही मेलंच तर तिथून फांदी नाहीतर कंद आणून पुन्हा लावता येतो. त्याला उरलेला ढीग मे महिन्यात देईन.

अकरा वर्षांपूर्वी एक्स-रे काढायची नोकरी सोडून इथे आले तेव्हा तू मला ठार वेडी म्हणाला होतास. अजून म्हणतोस का? मूलबाळ नाही, सोनंनाणं नाही, माझं म्हणून जे काय आहे ते एवढंच आहे. त्याला आज तुझा हात लागला म्हणून फार बरं वाटलं.

पत्र लिहीत जा. तुझ्या पत्रांवरचा हक्क सोडायची माझी तयारी नाही.

तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

वेडी तर तू आहेसच. फोन घेणार नाही, टीव्ही घेणार नाही आणि दोन ट्रक लीद आली की डोळ्यांत पाणी! पागेच्या मालकीणबाईंना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, अशी बहीण असेल तर दर वर्षी पाठवा, आम्हाला जागाच हवी आहे.

माझं ठीक चाललंय. परवा एका शिंगराने मांडीवर लाथ घातली, आता तिथे निळंजांभळं झालंय. बायको म्हणते, घोड्यांचे पाय धरण्यात माझं आयुष्य गेलं, तिचे एकदा धरले असते तर बरं झालं असतं.

वाटाण्याची परीक्षा माफ केलीस हे वाचून छाती फुगली. शाळेत एकही परीक्षा कुणी मला माफ केली नव्हती. भाऊजींच्या कमरेला शेक दे आणि त्यांच्यावर खेकसू नकोस, गरीब माणूस आहे.

आंब्याएवढी आर्टिचोकं पाठवायचं कबूल केलंयस, विसरू नकोस. माझ्यावर आहे तो जीव तसाच राहू दे.

तुझा ठोक्या


९ एप्रिल

चि. ठोक्यास अ. आ.

मला काही सुचत नाहीये. बाग मरते आहे.

दोन आठवड्यांपूर्वी घेवड्याची नवी पानं आत वळलेली दिसली. वाटलं, मावा असेल. पानं उलटी करकरून बघितली, किडा नाही, अंडं नाही, काही नाही. मग आर्टिचोक. सात वर्षांची झुडपं ती, माझ्या कमरेएवढी. मधला कोंब पिळलेल्या फडक्यासारखा झालाय. सूर्यफुलांचे कोंब जमिनीतून वर येतात आणि तिथेच वाकडे होऊन थांबतात. रासबेरीची पानं उघडतच नाहीत. गवती चहा तेवढा मजेत आहे, जणू शेजारी काही घडतच नाही. सकाळी उठून बाहेर जायची मला भीती वाटते. काल पायरीवर बसून राहिले, आत चहा उकळून उकळून आटला.

हा रोग नाही, हे औषध आहे. तणनाशक. एवढं मला कळतं. आणि ते कुणी मारलं हेही कळतं. मागच्या वर्षी ह्यांनी मला चोरून फाटकाजवळच्या फरशीत तण मारायचं औषध ओतलं होतं. मी तेव्हा आठ दिवस बोलले नव्हते. आता विचारलं तर शपथा घेतात, की पुन्हा हात लावलेला नाही. मी त्यांची खोली धुंडाळली, रंधे आणि पटाश्या उलट्यासुलट्या केल्या. डबा सापडला नाही. डबा टाकून देता येतो, त्यात काय मोठंसं!

ज्या झाडांत अजून धुगधुगी आहे त्यांना तुझं खत पाण्यात कालवून रोज घालते आहे. तेवढाच एक आधार आहे मला. तू काही सुचव रे. तुझी पागेच्या डॉक्टरांशी ओळख आहे, त्यांना विचार.

ताई


१४ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

पत्र मिळालं. वाईट वाटलं. डॉक्टर रजेवर आहेत, आले की विचारतो.

तोवर खताचं पाणी घालणं थांबवलंस तर बरं. लीद उष्ण असते म्हणतात. उरलेला ढीगही राहू दे थोडे दिवस. नुसतं साधं पाणी दे.

भाऊजींना एकदम दोष देऊ नकोस. वाऱ्यानेही येतं म्हणे कुठून कुठून. इथे कामाची घाई आहे, म्हणून आज एवढंच.

ठोक्या


२ मे

प्रिय नालबंद, स. न. वि. वि.

मला लिहायची सवय नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. हे पत्र गावातल्या सुतारखान्यातून लिहितोय. सध्या इथेच माळ्यावर राहतो.

तुझ्या ताईने मला विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सहा डबे घेतले. तिघांत आपली जुनी माती भरली, तिघांत तुझं खत. सगळ्यांत वाटाणे पेरले आणि शेडमागे ठेवले. अठरा दिवस वाट बघितली. मातीतले वाटाणे सरळ आले. तुझ्या खतातल्या वाटाण्यांची पानं मिटलेल्या मुठीसारखी आहेत. तीनही डब्यांत. आता यात शंका घ्यायला जागा नाही.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मी जाणतो. पण ती पायरीवर बसून रडत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, की मी तिचं काय वाकडं केलं होतं. मी डबे दाखवायला निघालो होतो. मग मनात आलं, की हे दाखवलं तर आयुष्यभर तिला तुझं पाकीट फोडवणार नाही. आईवडील गेल्यापासून पोस्टमन दिसला की ती कशी धावते ते मी बघतो. म्हणून सांगितलं, हो, मीच मारलं, गल्लीतल्या तणावर मारलं, वाऱ्याने आत आलं. वाटलं होतं, पंधरा दिवस भांडेल आणि विसरेल. ती भांडली नाही. तिने माझी हत्यारांची पेटी उचलून फाटकाबाहेर ठेवली.

तू आता खरं सांगत बसू नकोस. झालं ते माझ्या नावावर राहू दे. फक्त एक काम कर. उरलेला ढीग मी ताडपत्रीने झाकून आलोय. ती तो मे महिन्यात वरच्या वाफ्यात घालणार आहे. तो वाफा अजून ठणठणीत आहे, आणि तेवढं बेणं वाचलं तर बाग पुन्हा उभी राहील. मी काही सांगायला गेलो तर ती दार लावून घेते. तुझं ऐकेल. काहीही कारण सांग, पण ताबडतोब सांग.

घरी सगळ्यांना नमस्कार. माझ्याबद्दल मनात किंतु ठेवू नकोस.

भाऊजी


१९ मे

ती. ताईस शि. सा. न.

आधी एवढं कर, पत्र खाली ठेव आणि ढिगाकडे जा. त्यातलं चिमूटभरही वरच्या वाफ्यात पडता कामा नये. मग पुढचं वाच.

बाग मी मारली. भाऊजींनी काही केलेलं नाही. तुझं एप्रिलचं पत्र आल्या दिवशीच मी मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी गेल्या वर्षी नदीकाठच्या कुरणातून सुकं गवत घेतलं होतं. तिथे काटेरी तणावर औषध मारलं होतं. ते गवताला काही करत नाही, रुंद पानांच्या झाडांना मारतं. घोड्याने गवत खाल्लं तरी ते पोटातून तसंच बाहेर येतं, खत मुरलं तरी टिकून राहतं. डब्यावर स्पष्ट लिहिलंय, की ही लीद बागेत घालू नये. तो डबा पागेच्या कोठीत मी खिळे घ्यायला जातो त्याच फळीवर आहे. मी त्याच्यावर तुझ्या पत्राचं पाकीट ठेवून भाकर खाल्ली असेल कितीदा. वाचलं कधी नाही.

डॉक्टर रजेवर नव्हते. लीद उष्ण असते वगैरे सगळं मी रचलं. तुला खरं लिहायला बसायचो आणि हात थांबायचा. मग भाऊजींचं पत्र आलं. त्यांनी वाटाणे पेरून ओळखलं होतं, आणि तरी आळ अंगावर घेतला, आपल्या दोघांत वितुष्ट नको म्हणून. ते पत्र मी दोन आठवडे खिशात घेऊन फिरलो, ताई. मला सुटल्यासारखं वाटलं गं. कुणीतरी माझ्या जागी उभं राहिलं म्हणून मला झोप लागायला लागली. काल एका घोडीचा नाल ठोकताना खिळा जिवंत खुरात गेला, ती किंचाळली, आणि मी तिथेच बसून रडायला लागलो. डॉक्टरांना वाटलं, मला लागलंय.

डॉक्टरांनीच सांगितलं, की ही माती पुन्हा पुन्हा उकरून उलटी केली तर दोनतीन वर्षांत सुधारते. तू कुदळीला शिवत नाहीस. मी येऊन खणीन. हाक मारशील तेव्हा निघेन. तुझा लोभ मागायचं तोंड आज मला नाही.

ठोक्या


२७ मे

चि. ठोक्यास आ.

तुझं पत्र मंगळवारी आलं. वरच्या वाफ्यात मी रविवारी खत घातलं.

एकटीने घातलं. बावीस घमेली. तू ढीग राहू दे म्हणाला होतास, तसा तो थोडे दिवस राहू दिला. मग वाटलं, खाली सगळं गेलंय, निदान वरच्यांना ताकद येऊ दे. मंगळवारी पत्र वाचून पळत गेले आणि हातांनी ओरबाडून काढलं, नखं निघेपर्यंत. पण मधे सोमवारी दिवसभर पाणी सोडलं होतं, ते मुरलं. आज घेवड्याचं पहिलं पान आत वळलेलं दिसलं. तेव्हा बेणं गेलं. अकरा वर्षांतलं पुन्हा लावायला आता माझ्याकडे काहीही नाही.

तुला दोन शिव्या घालायच्या होत्या. घातल्या, मोठ्याने, बागेत उभं राहून. त्याने काही फरक पडला नाही. आणि सगळा दोष तुझ्या गळ्यात घालायचा तर माझं काय? विहिरीजवळच्या कोपऱ्यात खत घालायचं राहून गेलं होतं. तिथली चिकोरी महिनाभर टवटवीत उभी होती, खताचं पाणी तिलाही घालेपर्यंत. मी रोज तिच्यावरून जात होते. डोळ्यांना दिसत होतं आणि मी मान फिरवत होते, कारण तिकडे बघितलं की बोट तुझ्याकडे जात होतं. त्यापेक्षा नवऱ्याकडे जाऊ दे म्हटलं. तो घरचाच.

पत्र घेऊन मी सुतारखान्यात गेले. हे एका खिडकीची चौकट घासत होते. घासणं थांबवलं नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर बाजूला झाले, म्हणाले, भुसा आहे, साडीला लागेल. मग मी म्हणाले, माझं चुकलं, मी तुमच्यावर आळ घेतला, आता घरी चला. ते म्हणाले, आळ घेतलास त्याचं मला काही नाही, माणूस संतापला की घेतो. पण तीन आठवडे मी खरं सांगत होतो, की मी केलं नाही, तेव्हा तू माझी पेटी उचकटलीस. आणि ज्या दिवशी खोटं सांगितलं, की मीच केलं, त्या दिवशी तू एकही प्रश्न विचारला नाहीस.

ठोक्या, मी तिथल्या फळ्यांवर बसून राहिले. संध्याकाळी त्यांनी कुलूप लावायला घेतलं तेव्हा मला बाहेर पडावं लागलं. येतो म्हणाले नाहीत, येणार नाही असंही म्हणाले नाहीत.

तू ये. येताना दोन कुदळी आण, घरात एकही नाही. आधी सुतारखान्यात जा आणि ह्यांच्यासमोर उभा राहा, मग माझ्याकडे ये. आपण दोघं खणू. तिसरी कुदळ आणायची की नाही ते त्यांना विचारून ठरव.

तुझ्यावरचा लोभ कमी करून बघितला. जमलं नाही.

ताई