गार अंगाने

मंगळवार, ७ जानेवारी

आज बॅलेच्या क्लासला पुन्हा तेच! बाकीच्या सगळ्याजणी भिंतीच्या दांड्यावर पाय टाकून मोकळ्या, आणि मी हॉलभर चालतेय. नुसती चालतेय! बागेत आलेय का मी? मग खांदे फिरवा, घोटे फिरवा, गुडघे थोडे वाकवा, सरळ करा, परत वाकवा. वीस मिनिटं!

आणि ती रबरी (हे नाव मीच ठेवलंय) उशिरा आली, अंगातला कोटही काढला नाही, जमिनीवर दोन पाय दोन दिशांना फाकवून बसली आणि फोनवर गप्पा मारायला लागली. तिला कोणी चकार शब्द बोललं? छे! टीचर माझ्याकडेच वळून म्हणते, "काकू, घाई नको. तुम्ही अजून गरम झाला नाहीत."

गरम? मी उकळत होते!

टीचर चोवीस वर्षांची. मी एकसष्ट. शाळेत पर्यवेक्षिका होते. जन्मभर दुसऱ्यांना रांगेत उभं केलं, आणि आता ही पोरगी मलाच रांगेबाहेर काढते.

बुधवार, ८ जानेवारी

यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "या वयात बॅले म्हणजे—" पुढचं गिळलं. शहाणे आहेत.

खरं तर मी का जाते ते यांनाही माहीत नाही. निवृत्त झाल्यापासून घरात प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं. चष्मा कुठाय, किल्ली कुठाय, नातवाला आणायला कोण जाणार. मंगळवार-शुक्रवार त्या एका तासात कोणी माझ्याकडे काही मागत नाही. पियानो वाजायला लागतो, मी हात वर उचलते, आणि मला माझाच हात आवडतो. हे तोंडाने कोणाला सांगणार? तो तास गेला तर मी काय करेन, याचा विचारही नको वाटतो.

शुक्रवार, १० जानेवारी

विचारलंच शेवटी. "मला एकटीलाच का? म्हातारी म्हणून?"

"नाही हो काकू. गार अंगानं ताणलं की शीर धरते. आधी अंग हलवायचं. बराच वेळ ताणून धरायचं ते क्लास संपल्यावर, अंग तापलेलं असताना. आणि ताण बसला तर चालतो, टोचलं की तिथंच थांबायचं. सगळ्यांना हाच नियम आहे."

"सगळ्यांना? मग त्या?"

तिने खांदे उडवले. "त्या ऐकत नाहीत. जास्त बोलले तर क्लास सोडतील."

वा! म्हणजे जी ऐकते तिला वीस मिनिटं, आणि जी ऐकत नाही तिला मोकळं रान! माझ्या शाळेत असं चालवून बघायचं होतं कोणी. घरी येईपर्यंत मनातल्या मनात तिला तीनदा शिपायाकरवी ऑफिसात बोलावून घेतलं.

मंगळवार, १४ जानेवारी

रबरी आली नाही. मांडीमागची शीर धरलीय म्हणे. बरं झालं, असं मनात आलं. मग लाज वाटली. थोडीच.

शुक्रवार, १७ जानेवारी

अजून राग उतरत नाहीये.

आज मी लवकर पोचले. खाली औषधाचं दुकान उघडं होतं, वर हॉलमध्ये हीटरही लावलेला नव्हता. आत बघते तर टीचर! एक टाच या खुर्चीवर, दुसरी त्या खुर्चीवर, मधे अंग लोंबकळतंय. दात आवळलेले, डोळ्यांतून पाणी. बाहेरचा थंड वारा अजून तिच्या केसांत होता.

शाळेतला आवाज आपसूक निघाला. "ऊठ! आधी ऊठ तिथून!"

उठली. खुब्यावर हात धरून, हळूहळू. मग एकेक बाहेर आलं. पुढच्या महिन्यात मोठ्या बॅले कंपनीची निवड आहे. वयाच्या हिशेबाने हिची शेवटची संधी. "तिथं मुलींचा पाय कानाला लागतो, काकू. माझा खांद्याशीच अडतो." खुबा कधीपासून दुखतोय. फिजिओने बजावून सांगितलंय, गार अंगाने ताणलंस तर कायमची बसशील. रोज आधी वीस मिनिटं एवढं कर, म्हणून एकेक हालचाल शिकवली. चालणं, खांदे, घोटे, गुडघे…

मी बघतच राहिले. "हे तर तू मला करायला लावतेस!"

"मला वेळच मिळत नाही हो. दिवसभर बाजारातल्या एका दुकानात गल्ल्यावर उभी असते, तिथून धावत इकडे. कोणीतरी नीट करतंय हे बघितलं की बरं वाटतं."

बरं वाटतं! स्वतःचं औषध मला पाजत होती! आणि मी इतके दिवस वयावरून जळफळत होते. असा संताप आला की वाटलं, हिचे कान धरावेत. आणि कीवही आली, ते वेगळंच.

मंगळवार, २१ जानेवारी

हॉलमध्ये शिरल्याबरोबर सगळ्यांसमोर म्हटलं, "टीचर, चला माझ्याबरोबर." पोरी बघायला लागल्या. "काकू, वेळ नाहीये…" म्हटलं, खुबा गेल्यावर भरपूर मिळेल. आली मुकाट्याने मागून. दोघी चाललो.

बाकीच्या उभ्याच. नंतर एक आली, मग दुसरी. मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर हसले असते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज दांड्यावर पाय टाकताना टीचरचं तोंड वाकडं झालं नाही. मी टक लावून बघत होते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

निवडीला मीही गेले. तिचं इथे कोणी नाही. पिशवी धरायला म्हणून गेले आणि भांडून आले!

लांबच लांब दगडी व्हरांडा. टोकाचं दार धड लागत नाही, त्यातून भणाण वारा. पोरी पातळ कपड्यांत, छातीवर नंबराचा कागद. नंबराच्या चिठ्ठ्या वाटणारा माणूस सांगतो, लोकरीचं सगळं उतरवा, नंबर दिसला पाहिजे! आमची घरून छान गरम होऊन निघालेली. तासाभरात पार गारठली. आणि निम्म्याजणी त्या थंडगार फरशीवर पाय फाकवून बसलेल्या. कोण जास्त सपाट, याची चढाओढ!

मी त्या माणसाकडे गेले. "गरम व्हायला खोली कुठे आहे?"

"तशी सोय नाही, मॅडम."

"डॉक्टरची आहे?"

"नाही."

"मग या पोरींचं काही झालं तर तू उचलून नेणार का?"

तो चिठ्ठ्या मोजायला लागला. मी टाळी वाजवली. "चला, उठा सगळ्याजणी! कोट घाला, कागद वरून लावा. एकामागून एक. चालायला लागा!"

उठल्या की हो! अख्खा व्हरांडा चालायला लागला. खांदे फिरवले, घोटे फिरवले. तो माणूस म्हणतो, आत परीक्षकांना आवाज जातोय. म्हटलं, जाऊ दे, त्यांनाही जरा ऊब येईल. दार किलकिलं झालं, कोणी बाईंनी डोकावून बघितलं आणि परत लावून घेतलं.

टीचर आत गेली ती गाल लाल होऊन. बाहेर आली ती घामाघूम.

"पाय?"

"नाही लागला कानाला. पण काकू, उडी—!" आणि तिने हात पार डोक्याच्या वर नेऊन दाखवला.

घरी हे विचारतात, "एवढा वेळ काय करत होतीस?" म्हटलं, रांग लावत होते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

टीचरचा फोन आला. झाली निवड! मी भर रस्त्यात ओरडले. मग ती म्हणाली, सोमवारी कंपनीत हजर व्हायचंय. उद्याचा क्लास शेवटचा. हॉल दुसऱ्या कोणाला तरी देणार आहेत.

यांना बातमी हसत हसत सांगितली. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मला कोणी सांगितलं होतं एवढं जीव तोडून करायला!